वर कोरडं, खाली नदी

तुलूझहून उत्तरेला निघणारा हमरस्ता काओरपर्यंत सरळसोट आहे. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. काओरनंतर तो सोडून आडरस्त्याला लागलं की मात्र मुलूख बदलतो. खुरटे ओक, पांढरट दगडांचे गडगे, मधूनच चुना-माती न वापरता नुसते दगड रचून उभारलेली एखादी गोल खोपटी. आणि मेंढ्या. अंग पांढरं, कान काळे आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं.

"यांना काजळ कुणी घातलं?" ही म्हणाली.

मेंढ्यांची ही जात याच भागातली. पांढऱ्या खडकावरून येणारी उन्हाची तिरीप सोसावी म्हणून त्यांना जन्मतःच गॉगल मिळालाय, असं इथले लोक सांगतात.

फ्रान्सच्या नैऋत्येचा हा केर्सी प्रांत. लेक तुलूझला नोकरी करते, म्हणून आमची फेरी झाली. गाडी तिच्या हातात, नकाशा हिच्या हातात आणि मी मागच्या सीटवर खिडकीशी. लॉत आणि दोर्दोन्य या दोन नद्यांच्या मधलं हे चुनखडीचं पठार. इथे पाऊस बऱ्यापैकी पडतो, पण पठारावर ओढा म्हणून दिसत नाही. आपल्या गडांवर काळ्या कातळात टाकं खोदलं की पाणी वर्षभर टिकतं. इथला दगड पाणी धरत नाही, पीत जातो. पावसाचं किंचित आम्ल पाणी भेगांतून उतरतं, लाखो वर्षं दगड विरघळवत राहतं, आणि नद्या वाहतात त्या जमिनीच्या पोटातून. त्यामुळे वरचं बघून या प्रदेशाचं मोजमाप करू नये. अर्धा प्रदेश खालीच आहे.

त्याचा सगळ्यात धडधडीत पुरावा पादिराकला. सपाट माळावर गाडी लावली, तिकीटघर ओलांडलं आणि समोर एकदम भोक. तीसेक मीटर रुंद आणि 75 मीटर खोल. पठाराखालच्या एका प्रचंड दालनाचं छत कधीतरी कोसळलं आणि हा खड्डा उघडा पडला. लोककथेला अर्थात हे पटत नाही. संत मार्टिन खेचरावरून चालले असता सैतान आडवा आला. त्याच्या पोत्यात पापी आत्मे भरलेले. "तुझ्या खेचरानं ही अडचण पार केली तर पोतं तुझं," असं म्हणून त्यानं टाच आपटली आणि हा खड्डा पडला. खेचरानं उडी मारली, आत्मे सुटले, सैतान खड्ड्यात गडप. या मुलखात सैतानाला बरंच काम दिसतं. काओरच्या चौदाव्या शतकातल्या पुलाच्या कथेतही तोच आहे, आणि तिथेही त्याला चाळणीतून पाणी आणायला लावून फसवलेलंच आहे. 1879 साली त्या पुलाची दुरुस्ती करणाऱ्या वास्तुरचनाकारानं मधल्या बुरुजाच्या कोपऱ्यावर दगड उचकटणारा छोटा सैतान कोरून ठेवला. सरकारी कामात इतका मिस्कीलपणा खपतो, याचा मला हेवा वाटला.

पादिराकच्या खड्ड्यात 1889 साली एदुआर-आल्फ्रेद मार्तेल उतरला. पेशानं वकील, वेड गुहांचं. दोराच्या शिडीवरून, मेणबत्त्यांच्या उजेडात. तळाशी त्याला वाहती नदी सापडली आणि घडीची होडी घेऊन तो तिच्यावरून पुढे गेला. आता लिफ्ट आहे, पण आम्ही लोखंडी जिना धरला. उतरताना भिंती बदलत जातात. वर आयव्हीच्या वेली, मग नेचे, मग शेवाळ आणि मग नुसता ओला दगड. मान वर केली तर आकाशाची एक निळी चकती उरलेली. वर उन्हाचा चटका होता, खाली बारमाही 13 अंश. शाल आणायचं हिनं लक्षात ठेवलं होतं, म्हणून बरं.

जमिनीखाली शंभरेक मीटरवर होडीत बसायचं. होडी सपाट बुडाची, वल्हवणारा मागे उभा. पाणी इतकं नितळ की होडी अधांतरी चाललीय असं वाटतं. तळातला खडा न् खडा दिसतो आणि खोली किती याचा अंदाज येत नाही. आमचा नावाडी गप्पिष्ट होता. एका वळणावर त्यानं वल्ह्यानं भिंतीला हलकेच ढकललं आणि लेकीला काहीतरी सांगितलं. ती हसली. "बाबा, तो म्हणतोय, इथे पाऊस पडत नाही असं समजू नका." तेवढ्यात छतातून थेंबांची सर अंगावर आली. तिथल्या एका कुंडाचं नावच पावसाचं तळं आहे. पुढे होडीतून उतरून चढत गेलं की मोठ्या घुमटाचं दालन लागतं, 94 मीटर उंच. त्यावरचं छत तसं पातळच. त्याच्या वर आपण मघाशी गाडी लावली तसलाच माळ आणि त्या काजळवाल्या मेंढ्या.

रोकामादूर जवळच आहे आणि त्याची कीर्ती फार मोठी. आल्झू ओढ्याच्या घळीवर उभा कडा, त्याला बिलगलेलं गाव, गावाच्या वर देवळं, देवळांच्या वर किल्ला. समोरच्या बाजूनं सकाळी पाहावं, खरोखर डोळ्यांचं पारणं फिटतं. आत गेल्यावर एकच गल्ली आणि तिच्यात दुकानांना दुकान लागलेलं. 1166 साली इथे एक न कुजलेला देह सापडला. तो संत आमादूरचा ठरला आणि युरोपभरातून यात्रेकरू लोटले. त्यांतले कित्येक देवळांपर्यंतच्या 216 पायऱ्या गुडघ्यांवर चढत. देवळातली काळी मेरी लाकडाची आहे, लहानशी, किरकोळ अंगाची. तिच्यापुढे छताला जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या. समुद्रात वाचलेल्या खलाशांचे ते नवस. समुद्र इथून किती लांब! पण नवसाला अंतर नसतं हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. बाहेरच्या कड्यात वीर रोलांची म्हणून एक गंजकी तलवार खुपसलेली असे. 2024 च्या जूनमध्ये ती कुणीतरी पळवली. दहा मीटर उंचीवरून ती कशी काढली असेल, यावर यात्रेकरूंत अजून चर्चा चालते. मी तेवढ्यापुरता रमलो. बाकी रोकामादूर बाहेरूनच छान.

जेवणाचं सांगायला हवं, कारण शाकाहारी माणसाला हा मुलूख सोपा नाही. इथला सगळा कारभार बदकावर चालतो. "नुसते बटाटे" मागवले तरी ते बदकाच्या चरबीत परतलेले येतात. लेक आधी विचारून घ्यायची म्हणून निभावलं. आम्हाला तारलं ते रोकामादूरच्याच नावाच्या शेळीच्या चीजनं. टिकलीएवढं म्हणता येणार नाही, पण तळहातात मावणारी, 35 ग्रॅमची गोल चकती. भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर ती वितळवतात, खाली हिरवा पाला, वर अक्रोड आणि अक्रोडाचंच तेल. तेलाला भाजक्या दाण्यासारखा खमंग वास. ते वर बादलीभर ओतावं असं वाटतं, पण ते चमच्यानं मोजून घालतात.

लॉत नदीवरचं सँ-सिर्क-लापोपी म्हणजे आमच्या मुक्कामाचं गाव. नदीपासून शंभर मीटर वर, कड्याच्या टोकाशी उतरत्या तपकिरी छपरांची घरं. जुन्या काळी इथे लाकूड कातणारे कारागीर राहत आणि दारूच्या पिंपांच्या तोट्या बनवत. काओरची काळपट वाइन नदीतून सपाट नावांनी बोर्दोला जाई, तोट्यांना तोटा नव्हता. रेल्वे आली, नावा संपल्या, द्राक्षवेलींवर कीड पडली आणि गाव ओस पडत गेलं. कड्याच्या पोटाशी खडक अर्धा पोखरून काढलेली वाट अजून आहे. तिच्यावरून चालत नावा दोरानं ओढत असत. डोक्यावर अर्धी कमान, एका हाताला पाणी. मला विचाराल तर गावापेक्षा ती वाट जास्त पाहण्यासारखी.

आता गावात कायम राहणारे दोनशेच्या आसपास. फ्रान्सच्या 'सर्वांत सुंदर गावां'च्या यादीत त्याचं नाव आहे. ही यादी सुरू केली उत्तरेकडच्या कोलोंज-ला-रूज या तांबड्या दगडाच्या गावाच्या महापौरानं, शार्ल सेराकनं, 1982 साली. एका सचित्र पुस्तकात आपल्या गावाचं चित्र पाहून त्याला ते सुचलं. लोकवस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि निदान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत. ओस पडणारी गावं वाचावीत हा हेतू, आणि घरं वाचली यात शंका नाही. पण संध्याकाळी शेवटची बस गेली की गल्लीत आम्ही तिघं आणि एक मांजर. निम्म्या खिडक्या बंद. आमची घरमालकीण म्हातारी होती, फुलांना पाणी घालत म्हणाली, पाव आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. अशी गावं जपावीत हे खरं, पण पाववाला टिकवणं हेही त्या यादीच्या अटींत हवं होतं.

याच गावात 1950 साली कवी आंद्रे ब्रेतों आला आणि पार अडकला. अतिवास्तववाद्यांचा हा म्होरक्या. त्यानं इथे घर घेतलं आणि 1966 साली मरेपर्यंत उन्हाळे इथेच काढले. त्याचं नाव गावात जागोजागी दिसतं. जवळच्या पेश मेर्ल गुहेत मात्र ते वेगळ्या कारणानं निघतं.

पेश मेर्लची चित्रगुहा 1922 साली दोन पोरसवदा मुलांना सापडली. लास्कोची चित्रगुहा माणसांच्या श्वासानं खराब व्हायला लागली म्हणून 1963 साली बंद झाली आणि तिथे आता प्रतिकृती दाखवतात. इथे अजून खरीखुरी गुहा पाहायला मिळते, दिवसाला 700 माणसांपुरती. आत एकमेकांकडे पाठ करून उभे दोन घोडे आहेत, ठिपक्याठिपक्यांचे, साधारण 29 हजार वर्षांपूर्वीचे. उजवीकडच्या घोड्याचं तोंड चितारलंय इवलंसं, पण दगडाची कडच तिथे घोड्याच्या तोंडासारखी वळलेली आहे. चित्रकारानं आधी दगडात घोडा पाहिला असणार. ठिपके अंगाबाहेरही सांडलेत. भोवती हातांचे ठसे, तळवा टेकवून वरून रंग फुंकरलेले. असे ठिपक्यांचे घोडे कल्पनेतलेच, असं पुष्कळ दिवस मानत. 2011 साली जुन्या हाडांच्या डीएनएवरून कळलं की तसे घोडे तेव्हा होते. चितारणाऱ्यानं पाहिलेलंच काढलं होतं. आणखी आत, वाळलेल्या चिखलात एका किशोरवयीन मुलाची पावलं उमटलेली आहेत. टाच, चवडा, बोटं. पलीकडे लोखंडी कठडा.

1952 साली ब्रेतोंला इथल्या एका मॅमथच्या चित्राची शंका आली. त्यानं रेषेवर बोट घासून पाहिलं. वाटाड्या भडकला, बाचाबाची झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि कवीला दंड झाला.

"बोटच घासलं ना? नाव तर नाही कोरलं," ही म्हणाली. त्यावर मी अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या खांबाची आठवण करून दिली. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 1819 साली तिथे नाव आणि तारीख खरवडून ठेवलीय, आणि त्याला दंड झाल्याचं काही ऐकिवात नाही. लेकीनं आमच्या मागच्या मंडळींना ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मग त्या अंधारात दंडाची रक्कम किती असावी यावर सगळ्यांचं बोलणं सुरू झालं, आणि आमची वाटाडी पोरगी हातातला टॉर्च हलवून पुढे चला, पुढे चला म्हणत राहिली. मागचा गट दारात येऊन थांबला होता.