उवा, फणी आणि जयणा



दिवाळीच्या सुट्टीत माहेरी इंदापूरला गेलो होतो. माझी तिसरीतली लेक आठवडाभर मामेबहिणींच्या डोक्याला डोकं लावून झोपली. बारामतीला परतल्यावर महिन्याभरानं ती कानामागे खाजवायला लागली. केस बाजूला करून पाहिलं, तर लिखाच लिखा!

लाज तर वाटलीच, पण त्याहून मोठी भीती पापाची. ऊ म्हणजे त्रींद्रिय जीव. ऊ मारणाऱ्या व्यापाऱ्याची संपत्ती घेऊन कुमारपाळ राजानं पाटणला यूकाविहार बांधला, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. म्हणून औषध आणलं नाही. वेळ मिळेल तशी फणी फिरवायची, निघालेल्या उवा सुती फडक्यावर घ्यायच्या आणि कढीपत्त्याखाली सोडायच्या. पंधरा दिवसांत खाजवून खाजवून पोरीच्या डोक्यात फोड आले, पू झाला.

डॉक्टर म्हणाले, "ऊ माणसाच्या रक्तावरच जगते. डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरते." मग माझं 'जिवंत सोडणं' कसलं? घरी येऊन रडले. सासूबाई सामायिक आटोपून जवळ आल्या. म्हणाल्या, "तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितलाय गं. चार होत्या तेव्हा आळस केलास, आता चाळीस झाल्या. पाप औषधाच्या बाटलीत शोधू नकोस."

फोडांवर औषध सुरू केलं. डॉक्टरांनी दिलेलं 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन जड मनानं लावलं. त्यानं लिखा मरत नाहीत, म्हणून नऊ दिवसांनी पुन्हा लावलं. दोन्ही दिवशी प्रतिक्रमणात त्या जीवांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. मग लाज बाजूला ठेवून वहिनीला आणि लेकीच्या मैत्रिणींच्या आयांना फोन केले. एकाच डोक्यावर उपाय करून काय उपयोग?

उवा अस्वच्छतेनं होत नाहीत, त्या उडतही नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चढतात. पहिल्या वेळी खाज सुटायला चार-सहा आठवडे लागू शकतात, म्हणून खाजेची वाट पाहू नका. आता दर बुधवारी नि रविवारी ओल्या केसांना कंडिशनर लावून, बट-बट वेगळी करून मुळापासून फणी फिरवते आणि पांढऱ्या फडक्यावर पुसून बघते. शाळेत जाताना दोन घट्ट वेण्या. कंगवा, रिबन, टॉवेल ज्याचा त्याचा. रॉकेल मात्र चुकूनही लावू नका, कातडी भाजते आणि पेट घेण्याचा धोका असतो.

वेळीच बघितलं तर जीव वाढत नाहीत, मग मारायची वेळही येत नाही. जयणा म्हणतात ती हीच असावी.

परवा फडकं कोरं निघालं. लेकीनं विचारलं, "आई, आज कुणाला मिच्छामि म्हणायचं नाही ना?"

"नाही गं," म्हटलं, आणि वेणी घालायला घेतली.