सूर्य न उगवणाऱ्या गावातील एकादशी



आपल्यापुढे एक साधा प्रश्न ठेवतो. एकादशीचा निर्णय आपण कशावरून करतो? सूर्योदयावरून. आपल्या भागवत परंपरेत तर त्याहून बारीक पाहतात. सूर्योदयापूर्वी चार घटका अरुणोदय धरायचा, आणि त्या वेळी दशमीचा वेध असेल तर ती एकादशी सोडून पुढचा दिवस घ्यायचा. आता ज्या गावी दोन महिने सूर्यच दिसत नाही, तिथल्या वारकऱ्याने काय करावे? उदय नाही, अरुणोदय नाही. मग तिथी बांधायची कशाला?

हा प्रश्न मला माझ्या धाकट्या मुलाने विचारला. तो नॉर्वे देशाच्या उत्तरेला ट्रॉम्सो नावाच्या शहरात जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात मी त्याच्याकडे गेलो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परतलो. पाहुण्याला तिथे नव्वद दिवस राहता येते. जवळजवळ तेवढे मी राहिलो, आणि मुद्दाम काळोखाच्या दिवसांत राहिलो. त्याला कारण होते, ते पुढे सांगतो.

आधी त्या गावाची गोष्ट ऐका. आपले पंढरपूर सुमारे १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे, तर ट्रॉम्सो ६९ अंश ३९ कलांवर. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे साधारण ६६ अंश ३३ कलांच्या पलीकडे हिवाळ्यातले काही दिवस सूर्य क्षितिजावर येतच नाही. ट्रॉम्सो त्या रेषेच्याही पुढे साडेतीनशे किलोमीटर. गणिताने पाहिले तर तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून १५ जानेवारीच्या सुमारापर्यंत सूर्य उगवत नाही. पण गावाभोवती डोंगर आहेत, म्हणून गावकऱ्यांचा हिशोब वेगळा. त्यांचा सूर्य २१ नोव्हेंबरला जातो आणि २१ जानेवारीला येतो. उन्हाळ्यात याच्या उलट. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाही.

यातली गंमत पाहा. आषाढीला आपला देव निजतो, तेव्हा तिथे सूर्य रात्रंदिवस जागा असतो. कार्तिकीला देव उठतो, तेव्हा तिथे सूर्य निजायला निघतो. २०२३ साली प्रबोधिनी एकादशी २३ नोव्हेंबरला आली. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ वाजत होते, आणि मी होतो त्या गावातून सूर्य दोनच दिवसांपूर्वी गेला होता.

काळोख म्हणजे दिवसभर अमावास्या, असे मात्र समजू नका. दुपारी बाराच्या आगेमागे दोनतीन तास दक्षिणेकडे उजळते. बर्फ पडलेला असला की सारा गाव निळसर दिसतो, मग पुन्हा रात्र. थंडीही आपण भितो तेवढी नाही. समुद्रातून उबदार पाण्याचा प्रवाह येतो, त्यामुळे बंदर गोठत नाही. जानेवारीत सरासरी उणे चारच्या आसपास. आपल्या लडाखमध्ये याहून कितीतरी कडक थंडी पडते. थंडीला लोकर आहे. अंगालगत लोकरीचा सदरा, वर दुसरा थर, त्यावर वारा अडवणारे जाकीट. माझी तुळशीची माळ त्या तीन थरांखाली सुखात होती. माणूस तिथे खचतो तो काळोखाने आणि एकटेपणाने.

माझ्या मुलाचा पहिला हिवाळा असा गेला. सकाळी काळोखात कामावर जायचे, काळोखात परतायचे. गोदीत उघड्यावर काम, हातात दोन दोन मोजे, वारा असा की बोललेले शब्द शेजाऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाहीत. त्यातून भाषा नवी. कामावरच्या सुरक्षेच्या सूचना नॉर्वेजियन भाषेत. इतर लोक हसले की हा उशिरा हसायचा. घरी आल्यावर खिचडी टाकायची, ती अर्धी खायची आणि आडवे व्हायचे. झोप येते ती रात्रीची नव्हे, आणि रात्री झोप येत नाही. काम सोडावे तर परदेशी माणसाचा परवाना कामाशी बांधलेला. ठरलेल्या मुदतीत दुसरे काम मिळाले नाही तर देश सोडावा लागतो. इकडे घराचे कर्ज त्याच्या पगारावर. आईला फोनवर ‘सगळे छान आहे’ म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे पाहत बसायचा. हे त्याने मला पुष्कळ उशिरा सांगितले. तो काळोख एकदा स्वतः पाहावा, म्हणून मी गेलो.

त्याला सावरले ते शेजारच्या एका वृद्ध बाईंनी. शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. एके दिवशी त्यांनी दार वाजवले आणि म्हणाल्या, “तुझ्या खिडकीत दिवा का नाही?” तिथे नाताळाच्या आधीपासून घरोघरी खिडकीत कागदी चांदणी किंवा दिव्यांची कमान लावतात. तो दिवा बाहेरून जाणाऱ्यासाठी असतो, घरातल्यासाठी नाही. मग त्या बाईंनी याला नेम लावून दिले. दुपारी उजळते तेव्हा बाहेर पडायचेच. बर्फ असो, पाऊस असो, पंधरा मिनिटे तरी. सुट्टीच्या दिवशीही ठरल्या वेळी उठायचे. आठवड्यातून एकदा तरी कुणाला जेवायला बोलवायचे किंवा कुणाकडे जायचे. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, आणि अंगावर उजेडात चमकणारी पट्टी असल्याशिवाय रस्त्यावर उतरायचे नाही. गाडीवाल्याला तू दिसला पाहिजेस, असे त्यांचे म्हणणे.

वाचकहो, मुलाने हे सांगितले तेव्हा मला नवल वाटले. ही तर आपलीच शिकवण. हरिपाठ मन लागले तरच म्हणायचा, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी कधी सांगितले का? मन लागो न लागो, वेळ झाली की म्हणायचा. वारीला पाय दुखतात म्हणून कुणी मुक्काम वाढवून घेत नाही. तुतारी झाली की दिंडी निघते, आणि तिच्याबरोबर दुखरा पायही निघतो. आपण बळ आल्यावर चालत नाही, चालता चालता बळ येते. त्या बाईंनी देवाचे नाव घेतले नाही, पण नेमाचे मर्म त्यांना ठाऊक होते.

त्या लोकांचे आणखी एक पाहिले. इमारतीतले सगळे ठरल्या दिवशी एकत्र जमून आवार झाडतात, दुरुस्त्या करतात. मजुरी कुणालाच नाही. शेवटी एकत्र बसून कॉफी. याला ते ‘दुग्नाद’ म्हणतात. मुलाला भाषा शिकवणीच्या वर्गात आली नाही तेवढी हातात फावडे घेतल्यावर आली. आणि हा काळोख त्यांच्या कोळ्यांचा कष्टाचा हंगाम. जानेवारी ते एप्रिल त्या किनाऱ्याला दूरच्या समुद्रातून मासा येतो आणि माणसे नावा घेऊन निघतात. मासा आपल्या पंगतीचा नव्हे, पण सूर्य येईपर्यंत घरी बसू असे त्यांनी म्हटले असते तर तिथे वस्तीच झाली नसती.

आता माझे थोडे सांगतो. चाळीस वर्षे कीर्तन केले. तीन वर्षांपूर्वी गळ्याच्या दुखण्याने आवाज गेला. बोलता येते, पण चाल उचलता येत नाही. ज्याच्या कंठावर सारे आयुष्य उभे, त्याचा कंठ गेला म्हणजे काय होते, हे गाणाऱ्यांना सांगायला नको. माझ्याही घरी एक काळोख येऊन बसला होता.

ट्रॉम्सोत दर शनिवारी संध्याकाळी मुलाच्या घरी हरिपाठ होई. दोन मराठी कुटुंबे, एक नेपाळी परिचारिका आणि बस चालवणारा एरिट्रियाचा एक गृहस्थ. तो ख्रिस्ती. त्यांच्या पंथात नाताळापूर्वी चाळीसहून अधिक दिवसांचे व्रत असते. मांस, दूध, अंडी वर्ज्य. आपली आमटी-भाकरी त्याला पंक्तीची वाटली. मराठीचा एक शब्द त्याला कळत नव्हता, पण टाळ त्याच्या हाती दिला तो ठेक्यात वाजला. चाल मुलाने धरली, मी नुसते ओठ हलवले. त्या बैठकीत मला उमगले, की आवाज गेला तरी नामाला बसण्याची जागा गेलेली नाही. दुसऱ्याच्या गळ्यातून आपले नाम चालते. दिंडीत शेवटच्या माणसाला वीणेकऱ्याचा सूर ऐकू येत नाही, तरी तो त्याच दिंडीत असतो.

एकादशीचा निर्णय आम्ही असा केला. सूर्य पंढरीचा धरायचा. ज्या दिवशी पंढरीत एकादशी, तीच आपली. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. इथे पहाटे चारला काकड्याची वेळ होते, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. त्या वेळी आम्ही बापलेक दिवा लावून हात जोडायचो आणि मग निजायचो. साबुदाणा मी इथूनच नेला होता, बटाटा तिथे रोजचाच.

दुपारी मी त्या बाईंचा नेम पाळत असे. उजळले की बाहेर. दक्षिणेकडे डोंगरामागे तांबूस कड दिसायची. सूर्य नाही, पण तो तिथेच मागे आहे याची खूण. गर्दीत पायांवर डोके ठेवता आले नाही तर आपण कळसाचे दर्शन घेतो आणि वारी पोचली म्हणतो ना? ते माझे कळसदर्शन होते. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी माउलींनी श्रीगुरूंना सूर्य म्हणून वंदन केले आहे. त्यावर मी कितीतरी कीर्तने केली. न मावळणाऱ्या त्या सूर्याचा अर्थ मला या न उगवणाऱ्या सूर्याच्या गावी अधिक कळला.

१५ जानेवारीला संक्रांत झाली. डोंगराआडच्या सूर्याला स्मरून आम्ही शेजाऱ्यांना तिळगूळ वाटला. २१ जानेवारीला गावात सूर्याचे स्वागत. मुले दक्षिणेकडे डोळे लावून उभी राहतात, आणि घरोघरी सूर्याच्या नावाने तळलेले गोड पाव खातात. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी पौषातली पुत्रदा एकादशी होती. बाईंनी आणलेला पाव आम्ही झाकून ठेवला आणि द्वादशीला वाटून घेतला. त्यांना कारण सांगितले तर त्या म्हणाल्या, “नेम आहे म्हणता, मग बरोबर आहे.”

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अशा परक्या देशांत आहेत. त्यांना ‘परत कधी येणार’ एवढेच दर वेळी विचारू नका. त्याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते, आणि मग ती ‘सगळे छान आहे’ म्हणू लागतात. एक वेळ ठरवून दोन्हीकडे एकदम हरिपाठ म्हणा. बोलणे खुंटलेले, झोप-जेवण बिघडलेले दिसले तर वैद्याकडे जायला सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि पुढच्या एकादशीला फोन कराल तेव्हा विचारा, आज दुपारी बाहेर जाऊन आलास का, आणि या आठवड्यात तुझ्याकडे कोण जेवायला येणार आहे?