भिंतीतली धग

बाबांची स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली त्या दिवशी आईने शिरा केला होता. त्यानंतर सहा आठवड्यांनी बाबा गेले. पहाटे, अटॅकने. "रिपोर्ट नॉर्मल होता ना रे?" आई कितीतरी दिवस विचारायची. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर फार उशिरा कळलं. ट्रेडमिलवर कळतं ते मुख्यतः इतकंच, की रक्ताची वाट खूप अरुंद झाली आहे का. पण बरेचसे अटॅक फारशा अरुंद न झालेल्या जागी येतात. तिथे रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर आतल्या आत धुमसत असतो. एक दिवस तो फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाट बंद!

मग ही धग आधीच दिसली तर? परवा याच विषयावर वाचत बसलो होतो. सुजलेल्या भिंतीवर व्हीकॅम-१ नावाचं प्रथिन वाढतं. पांढऱ्या पेशी त्यालाच धरून आत शिरतात. २००६ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण घेतले, त्यांना या प्रथिनाला चिकटणारा पेप्टाइड जोडला आणि ते उंदरांच्या रक्तात सोडले. कण सुजलेल्या जागी जाऊन बसले. लोहामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र थोडं विस्कटतं, म्हणून एमआरआयच्या चित्रात ती जागा काळी दिसते. ॲटोरव्हास्टॅटिन दिलेल्या उंदरांत हा परिणाम कमी दिसला. म्हणजे आग विझतानाही दिसली!

पण हे उंदरांत. माणसाचं हृदय सतत हलतं, त्याच्या धमन्या जेमतेम काही मिलिमीटरच्या. शिवाय असे कण माणसाला सुरक्षित आहेत हे आधी सिद्ध व्हायला हवं. नेहमीच्या दवाखान्यात ही तपासणी अजून आलेली नाही.

मी आता बाबांच्याच वयाचा झालोय. मागच्या महिन्यात माझीही स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली. या वेळी मात्र डॉक्टरांना बाबांचं सगळं सांगितलं, आणि दोन वर्षं टाळलेली कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली.

आईला रविवारी फोनवर म्हटलं, "आई, रिपोर्ट खोटा नव्हता गं. आपण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गोळी घेतलीस का आजची?"

असो. घेतली.