दोष ठेच्याचा

बुलढाणा, मे महिना. अजिंठ्याच्या डोंगररांगेत असूनही गाव तापलंय. आज नाशिकची शेनिन ब्लाँ काढली. मूळ फ्रान्सच्या लवार खोऱ्यातली द्राक्षं, आता आपल्याकडची झालेली. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. पण पांढऱ्या वाइनला दहा अंशांच्या आसपासचा गारवा लागतो, तो फडक्याने कुठला यायला! शेवटी फ्रिजच.

पहिला घोट स्टीलच्या पेल्यातून घेतला, वासच लागेना. मग तोंडाशी निमुळत्या काचेच्या ग्लासात ओतली, हलकेच फिरवली, नाक आत घातलं. पिकलेला पेरू! जिभेच्या कडांना लिंबाची चुणूक. वहीत दहापैकी सात लिहिले.

जेवताना भाकरीवर ठेचा घेतला आणि घोट नुसता जळजळला. पेरू गायब. गुण मात्र कापले नाहीत. दोष ठेच्याचा होता.