गालाखालची फळी

सोयाबीनचे पैसे हातात आले की एक तरी बाप माझ्याकडे येतो. यंदाचे मेहकरकडचे होते. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात एका जर्मन रायफलचा फोटो होता, निळ्या ॲल्युमिनियमच्या दस्त्याचा.

"सर, हे घेतली त मेडल येईन न पोरीले?"

"पोरगी किती दिवसांपासून खेळते, भाऊ?"

"झाले न दोन मैने."

मी त्यांना चहा पाजला. फोटोतली रायफल उत्तमच होती. तिची किंमत लाखांत, आणि त्यांचं वावर पाच एकर.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेनं कांस्यपदक आणलं, तेव्हापासून असे बाप वाढले आहेत. स्वप्निलचा प्रकार पन्नास मीटरचा, तीन पोझिशनचा. त्याची पॉइंट बावीसची रायफल वेगळी आणि तिला परवाना लागतो, हे बहुतेकांना इथे आल्यावरच कळतं. आमच्याकडे फक्त दहा मीटरची एअर रायफल आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मंग रोही हाकलाले चालते का?" नाही चालत. कागदाला भोक पाडणं एवढंच तिचं काम.

आमची रेंज खामगावात एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आहे. चार लेन, एक पंखा. यंत्रं जाऊन वर्षं झाली, पण सरकीचा वास गेलेला नाही. भिंतींच्या फटींतून कापसाचा तंतू अजून उडतो आणि रायफलच्या नळीत जाऊन बसतो. दर आठवड्याला नमद्याच्या गोळ्या घालून नळी साफ करावी लागते. मे महिन्यात इथे जाड कॅनव्हासचं शूटिंग जॅकेट अंगात चढवणं ही शिक्षाच. म्हणून उन्हाळ्यात सराव पहाटे साडेपाचला.

खरं म्हणजे आमच्या जिल्ह्यात निशाणा म्हटलं की धनुष्य आठवतं. प्रथमेश जावकर बुलढाण्याचा. 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात त्यानं सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडचं सांघिक सुवर्ण. बुलढाण्यातल्या तिरंदाजांची एक गोष्ट मला फार आवडते. धनुष्य घ्यायच्या आधी ते पोराचा हात मोजतात. हात आखूड असेल तर धनुष्य तसं लावून घेतात, कारण ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढायचं अंतर, चुकली तर खेळच चुकतो हे तिथं दहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. रायफल मात्र लोक फोटो पाहून घेतात.

मीही तशीच घेतली होती.

कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या कॅम्पात पहिल्यांदा पॉइंट बावीस हातात आली. पोटावर झोपून पाच गोळ्या. आमचे उस्ताद कागद घेऊन यायचे आणि गोळ्या मधोमध लागल्या की नाही याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पाच भोकं एकमेकांपासून किती लांब आहेत तेवढं मोजायचे. माझी पाचही खाली डावीकडे, पण एका रुपयाखाली झाकली जातील अशी होती. "ग्रुप अच्छा है," म्हणाले, "बाकी साइट का काम है." तेव्हा मला ती सांत्वनाची भाषा वाटली.

नोकरी लागल्यावर देशी स्प्रिंगची रायफल घेतली. नळी मोडून छर्रा भरायचा, पुन्हा मिटायची. अशा रायफलीत चाप ओढला की आधी आतला पिस्टन सुटतो, तो हवा दाबतो, मग छर्रा निघतो. म्हणजे छर्रा नळीत असतानाच अख्खी रायफल मागे-पुढे हिसका घेते. तिला आवळून धरलं की दर वेळी हिसका वेगळ्या बाजूला जातो. ती तळहातावर नुसती टेकवायची, रोज तशीच, आणि आवाज झाल्यावरही डोळा माशीवरून, म्हणजे पुढच्या साइटवरून, हलवायचा नाही. वर्षभर मी तिला शिव्या दिल्या. चाप इतका जड की बोट दुखायचं. पण सुटल्यानंतरही गोळी संपलेली नसते, हे मला तिनंच शिकवलं.

आता थोडं गणित, कारण पैसा कुठे घालायचा ते या गणितात आहे. दहा मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पुढची प्रत्येक रेघ अडीच मिलिमीटरवर. माशी आणि मागची साइट यांच्यात समजा सत्तर सेंटिमीटर अंतर आहे. माशी एका मिलिमीटरनं हलली तर कागदावर छर्रा चौदा मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहाच्या जागी पाच. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी चूक झाली तरी नऊ. एवढी बारीक चूक कुठून येते? बहुतेक वेळा गालातून. गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकला नाही, तर डोळा साइटच्या मध्यावर येत नाही. मग मान ताणून तो आणावा लागतो आणि विसाव्या गोळीला ती मान थकते. स्पर्धेत साठ गोळ्या असतात.

हे मला माझ्या दुसऱ्या रायफलनं दाखवलं, आणि चांगलंच महागात दाखवलं. जुनी, परदेशी, दाबलेल्या हवेची. एका माणसाकडून ऐकीव माहितीवर घेतली. घरी आणली तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्यात त गाय आली असती." स्पर्धेत तपासणीला दिली, तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख उलटून गेलेली. या सिलिंडरांना साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि ती नळकांड्यावरच कोरलेली असते. मी वाचलीच नव्हती. खेळू दिलं नाही, बरोबरच केलं. सिलिंडर बदलला, तरी गुण तेच. हिसका नाही, चाप पिसासारखा, आणि गुण स्प्रिंगच्या रायफलीचेच. चिडून एका दुपारी मी दस्ता घेऊन गल्लीतल्या सुताराकडे गेलो. तो बैलगाडीची जुवं करणारा माणूस. त्यानं मला उभं केलं, डोळे मिटायला लावले, रायफल खांद्याला लावायला सांगितली आणि मग म्हणाला, "आता उघडा." डोळा साइटच्या जरा खाली होता. त्यानं सागाची दोन सूत जाड फळी गालाखाली बसवली, कडा घासून गोल केल्या. पैसे घेतले नाहीत. महिन्याभरात माझे गुण जे वाढले, ते त्या रायफलीनं वर्षभरात वाढवले नव्हते.

तेव्हापासून पोरांना मी आधी छर्रे बदलायला लावतो. मॅचचे छर्रे सपाट तोंडाचे असतात, कागद फाडत नाहीत, स्वच्छ गोल भोक पाडतात. डोक्याचं माप 4.49, 4.50, 4.51 असं येतं आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच आवडतं. का, ते नळीलाच ठाऊक. टेकू लावून पाच-पाच गोळ्या मारायच्या आणि उस्तादांसारखा फक्त ग्रुप बघायचा. त्यानंतर दस्ता. मग ओपन साइटवरून बारीक भोकातून बघायची पीप साइट, कारण डोळा एका वेळी एकच अंतर नीट बघतो आणि पीप साइट त्याचं एक काम कमी करते. पुढच्या साइटची रिंग घेताना पोरं हटकून लहान घेतात, काळा गोल अगदी घट्ट बसावा म्हणून. मग पांढरी फट दिसेनाशी होते आणि डोळा भांडत बसतो. मी चार मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. याच्यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत.

आणि रायफल? रायफल तेव्हा, जेव्हा पोरगं कागदाकडे बघून सांगू शकतं की ही गोळी माझी नव्हती. अभिनव बिंद्रानं आत्मचरित्रात लिहिलंय, 2008 साली बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीआधी त्यानं सरावाची गोळी मारली आणि आले चार. एवढी महागडी तयारी, आणि चार! तो घाबरला असेलच. पण स्वतःचा शॉट त्याला इतका ठाऊक होता की चूक साइटची आहे हे त्यानं ओळखलं, क्लिक फिरवले आणि पहिली मोजायची गोळी मारली 10.7. दोन महिने खेळलेल्या पोराच्या हातात तीच रायफल द्या. चार आले तर तो आधी श्वास बदलेल, मग पाय बदलेल, मग रायफल बदला म्हणेल.

मेहकरचे भाऊ हे सगळं ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे घेऊच नाही म्हन्ता का?"

"घ्या. पण पोरीले घेऊन या आधी. तिची मान मोजू."

ते पुढच्या रविवारी पोरीला घेऊन आले. लांब मानेची, बारीक खांद्याची. शेडमधल्या स्प्रिंगच्या रायफलीवर आम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून बघितल्या. तिसऱ्या पट्टीला डोळा बरोबर आला. फळी करायला आता तो सुतार नाही, त्याचा मुलगा आहे. सोयाबीनचे पैसे बँकेत आहेत, आणि पोरगी अजून शेडमधलीच रायफल वापरते. तिच्या गालाखाली नऊ मिलिमीटरचा साग आहे.