एका विजेचे किती युनिट?

संपादकांचा फोन आला तेव्हा जपानची बातमी अजून फिरत होती. एनटीटी या कंपनीने १३ डिसेंबर २०२४ रोजी शिमाने प्रांतातल्या हामादा इथे ढगाखाली ३०० मीटर उंचीवर ड्रोन नेला, त्याला जमिनीपर्यंत वाहक तार जोडली आणि वीज त्या तारेवर उतरवून घेतली. ड्रोनभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्याचा काही भाग वितळला, तरी ड्रोन उडत राहिला. काम अव्वल दर्जाचं आहे. शहरांवर पडणारी वीज आधीच दुसरीकडे वळवता यावी, हा त्यामागचा मुख्य हेतू. पण पुढेमागे ती ऊर्जा साठवण्याचाही मानस आहे, असं कंपनीने जाहीर केलं आणि मला आलेले सगळे निरोप त्या एका वाक्याबद्दलचे होते. ‘यावर लिहा, पण सोपं लिहा,’ असं संपादकांनी बजावलं आहे. आकड्यांशिवाय हा विषय सांगता येत नाही. तेवढी सवलत मी घेणार आहे.

उपकेंद्रं, कारखान्यांच्या चिमण्या, तेलाच्या टाक्या आणि देवळांचे कळस यांना विजेपासून सांभाळणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्याआधी मराठवाड्यातल्या एका डोंगरावरच्या देवस्थानाने बोलावलं. कुणा एजंटाने त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला होता: उंच मनोरा, खाली कपॅसिटरची खोली, दरवर्षी लाखो युनिट वीज, गावाला दिवे फुकट. मी नाही म्हटलं. विश्वस्तांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्यातल्या एकाचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला, मला सोडायला पायऱ्यांपर्यंत आला. म्हणाला, ‘सर, तीस हजार अँपिअर गुणिले दहा कोटी व्होल्ट. गुणाकार बरोबर आहे ना? मग लाखो युनिट का नाही निघणार?’

गुणाकार बरोबर आहे. येतात तीन लाख कोटी वॅट. भारतातली सगळी वीजनिर्मिती केंद्रं मिळून जेवढी क्षमता आहे, तिच्या कितीतरी पट. मात्र हा आकडा दराचा आहे, साठ्याचा नाही. एक धक्का साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात ओसरतो. एका विजेत असे तीन-चार धक्के एकाच वाटेने एकामागून एक येतात. डोळ्याला वीज लवलवताना दिसते ती त्यामुळेच. सगळं धरून एका विजेची ऊर्जा भरते सुमारे एक अब्ज ज्यूल. ३६ लाख ज्यूल म्हणजे आपल्या मीटरवरचं एक युनिट. भागून पाहा: २७८ युनिट. मध्यमवर्गीय घराचं दोन-तीन महिन्यांचं बिल.

आता मूळ मुद्दा, आणि तो मला नीट सांगू द्या, कारण तो कुणीच सांगत नाही. हे २७८ युनिट मनोऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. दहा कोटी व्होल्टचा दाब ढग आणि जमीन यांच्यामध्ये असतो, आणि तो खर्च होतो मधल्या काही किलोमीटर हवेत. तिथली हवा क्षणात ३०,००० अंशांपर्यंत तापते, फुगते, गडगडाट होतो, उजेड पडतो, रेडिओत खरखर होते. ऊर्जेचा बहुतेक भाग तिथेच संपला. खाली येतो तो प्रवाह. खाली तुम्ही जे उपकरण ठेवाल, त्याच्या वाट्याला त्या प्रवाहाच्या वर्गाला उपकरणाच्या रोधाने आणि धक्क्याच्या वेळेने गुणून जेवढं येईल तेवढंच.

किती येतं, हे मोजलेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोजवळ मोन्ते सान साल्वातोरे नावाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर मनोरे उभारून कार्ल बर्गर यांनी गेल्या शतकाच्या मध्यात वर्षानुवर्षं एकेका विजेचा प्रवाह नोंदवला. आज जगभरची संरक्षणाची मानकं त्याच नोंदींवर उभी आहेत. त्या नोंदींतल्या मधल्या, म्हणजे फार लहान नाही की फार मोठी नाही अशा, विजेच्या पहिल्या धक्क्यातून एक ओहम रोधात ५५,००० ज्यूल मिळतात. युनिटचा पासष्टावा भाग. नऊ वॅटचा एलईडी दिवा पावणेदोन तासही जळणार नाही. नंतरचे धक्के त्यात फारशी भर घालत नाहीत.

त्या मुलाने इथे लगेच विचारलं, ‘मग रोध वाढवायचा?’ प्रश्न चांगला आहे. मलाही विद्यार्थिदशेत तोच सुचला होता. शंभर ओहम ठेवा: दीड युनिट मिळेल, पण उपकरणाच्या दोन टोकांत ३० लाख व्होल्ट उभे राहतील. हजार ओहम ठेवा: पंधरा युनिट, आणि तीन कोटी व्होल्ट. लांब अंतरावर हवा मीटरमागे पाच लाख व्होल्टच्या आसपास फुटते. म्हणजे हजार ओहमच्या उपकरणाच्या दोन टोकांत साठ मीटर मोकळी हवा राखावी लागेल, नाहीतर वीज उपकरण सोडून बाजूने उडी मारेल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. रोध वाढवाल तसा मनोरा अडथळा होत जातो, आणि विजेला अडथळ्याला वळसा घालता येतो. साठवणुकीची तंत्रं सुधारतील, कपॅसिटर स्वस्त होतील, म्हणून हा पेच सुटत नाही. तो हवेच्या गुणधर्मातला आहे.

स्वित्झर्लंडमधल्याच सेंटिस शिखरावर १२४ मीटर उंचीचा मनोरा आहे. त्याला वर्षाला शंभराच्या आसपास विजा लागतात. २०२१ च्या उन्हाळ्यात तिथे लेझरच्या झोताने विजेला सुमारे पन्नास मीटर वाट दाखवण्यात आली. तिथे दहा ओहमचं उपकरण बसवलं आणि वरचा मधला आकडा धरला, तर वर्षाची कमाई पंधरा युनिट.

विजेकडून काही मिळवण्याचा मला मान्य असलेला प्रयत्न एकच, आणि तोही ऊर्जेसाठी नव्हता. १९२७-२८ मध्ये बर्लिनचे तीन तरुण, ब्राश, लांगे आणि उर्बान, लुगानोजवळच्याच मोन्ते जेनेरोसो डोंगरावर गेले. अणुकेंद्र फोडायला लाखो व्होल्टचा दाब हवा होता आणि प्रयोगशाळेत तो मिळत नव्हता. त्यांनी दरीवर केबल ताणून तारांची जाळी टांगली आणि वादळात कित्येक मीटर लांबीच्या ठिणग्या काढून दाखवल्या. त्यांना काय हवं होतं ते नेमकं ठाऊक होतं: दाब, एका क्षणापुरता. १९२८ च्या ऑगस्टमध्ये कुर्ट उर्बान तिथेच कड्यावरून पडून गेला. ही गोष्ट मी शिकवतो त्या दर नव्या बॅचला सांगतो. त्यानंतर २००७ मध्ये अल्टरनेट एनर्जी होल्डिंग्ज या अमेरिकी कंपनीने विजेपासून ऊर्जा काढून पाहिली आणि जमत नाही म्हणून सोडून दिली.

बरं, मनोऱ्याचं सगळं विसरू. अख्ख्या पृथ्वीवरच्या विजा, शंभर टक्के, काही न सांडता हाती आल्या असं धरू. उपग्रहांच्या मोजणीप्रमाणे जगात सेकंदाला सरासरी ४४-४५ विजा चमकतात, वर्षाला १४० कोटींच्या घरात. त्यातल्या जमिनीवर येणाऱ्या साधारण चौथाई. हिशेब होतो ९७ अब्ज युनिट. एकटा भारत वर्षाला १,७०० अब्ज युनिटांहून जास्त वीज निर्माण करतो. सगळ्या जगातल्या विजा मिळून आपले तीन आठवडे निघतील.

वादळात ऊर्जा नाही, असं मात्र नाही. अफाट आहे, पण ती वाफेत आहे. एक किलो वाफेचं पाणी होताना २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. म्हणजे अख्ख्या एका विजेइतकी ऊर्जा ४०० लिटर पाण्याच्या वाफेत. दोन पिंपं. मोठा ढग असं पाणी लाखो टनांनी ओततो. त्या ऊर्जेतला थोडासा वाटा आपण गेली साठ वर्षं घेतोच आहोत. सह्याद्रीवर पडलेला पाऊस कोयनेच्या धरणात अडवायचा, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचा, पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला टर्बाइनवर सोडायचा. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटच्या पूर्ण क्षमतेने चालला, तर एका विजेची सगळी ऊर्जा तो अर्ध्या सेकंदात तयार करतो. ढगाची ऊर्जा घेण्याचं एवढं मोठं काम याच मातीतल्या इंजिनिअरांनी आणि बोगद्यांत राबलेल्या मजुरांनी केलं, याचा मला फार अभिमान आहे. ज्या गावांनी त्यासाठी जमिनी दिल्या, त्यांचं देणं अजून पुरतं फिटलेलं नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे.

या विषयावर बोलताना मला थकवा येतो तो हिशेबाने नाही, लोकांच्या समजुतीने. वीज पडलेलं तांब्याचं भांडं तांदळाचे दाणे ओढतं आणि परदेशी संशोधन संस्था ते कोट्यवधींना विकत घेतात, अशी थाप मारून ‘राईस पुलर’वाले अजून माणसांना बुडवतात. शहाणीसुरती माणसं फसतात, कारण विजेत अपार धन आहे हे त्यांना आधीच पटलेलं असतं. आणि एकट्या २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. त्यातली कितीतरी शेतात काम करणारी, पाऊस आला म्हणून झाडाखाली धावलेली. वीज झाडावर पडते, प्रवाह जमिनीत चहूकडे पसरतो, आणि दोन पायांमधल्या हातभर अंतरातही जीव घेण्याइतका दाब उभा राहतो. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर जास्त, म्हणून झाडाखाली बैल आधी मरतात.

त्या देवस्थानात मी परत गेलो, तो मुलगा बरोबर होता. कळसावरची जुनी सळई शाबूत होती, पण खाली उतरणारी तांब्याची पट्टी पुरुषभर उंचीपर्यंत हॅकसॉने कापून नेलेली. टोक अजून चकचकीत होतं. त्या भिंतीला लागूनच रांगेचा कठडा, लोखंडी, त्याला हात लावून भाविक उभे. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती ठणठणीत कोरडी. मुलाने अर्थ टेस्टर लावून जमिनीचा रोध मोजला आणि आकडा बघून गप्प झाला.

आता तिथे तांब्याऐवजी गॅल्व्हनाइझ केलेली लोखंडी पट्टी आहे, पन्नास चौरस मिलिमीटरपेक्षा जास्त छेदाची. मानकाला ती चालते आणि चोराला तिचा भाव मिळत नाही. एका बाजूला होती ती आता चारी बाजूंनी उतरवली आहे, देवळाभोवती जमिनीत कडं फिरवलं आहे आणि कठडा त्या कड्याला जोडला आहे. मनोऱ्याच्या प्रस्तावात मागितलेल्या रकमेच्या पासंगालाही हा खर्च पुरला नाही. डोंगरावरची देवळं, पत्र्याच्या शाळा आणि शेतातल्या शेड यांची अशी तपासणी दरवर्षी एप्रिलच्या आत व्हावी, असं मी प्रत्येक ग्रामपंचायतीला लिहितो. अर्थ टेस्टर तालुक्याच्या एखाद्या वायरमनकडे मिळू शकतो.