वाळवंटातील शाळा

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी संस्थेच्या जडणघडणीविषयी लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. ते काम माझ्याहून ज्येष्ठ सहकारी अधिक अधिकाराने करतील. मी इतिहासाचा शिक्षक आहे आणि गेली काही वर्षे एका दूरच्या प्रदेशाचा इतिहास मिळेल तसा वाचतो आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत पसरलेले वाळवंट हा तो प्रदेश. तेथील मूलनिवासी समाजांच्या इतिहासात निवासी शाळेला मोठे स्थान आहे, आणि तेथे 'निवासी शाळा' हे शब्द ऐकताच वृद्धांचे चेहरे उतरतात. आपल्याकडे याच शब्दांनी आईबापांच्या डोळ्यांत उजेड येतो. असे का व्हावे, याचा शोध घेणे मला आपल्या संस्थेच्या दृष्टीनेही आवश्यक वाटते.

प्रथम तेथील भूमीविषयी. ॲरिझोनातील होपी लोक सपाट माथ्याच्या डोंगरांवर दगडी घरे बांधून राहतात. ओराइबी हे त्यांचे गाव बाराव्या शतकापासून सलग नांदते आहे, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. तेथे वर्षाकाठी सुमारे २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपला माणदेशसुद्धा त्या मानाने सुखी म्हणावा. विहीर नाही, कालवा नाही, तरी होपी शेतकरी मका पिकवतो. टोकदार काठीने तो वाळूत वीतभर, कधी हातभर खोल खड्डा घेतो, खालची ओल लागली की एकाच खड्ड्यात दहा-बारा दाणे टाकतो आणि काही पावले सोडून पुढचा खड्डा घेतो. दाट पेरले तर सगळेच वाळेल, हे त्याला पिढ्यांच्या अनुभवाने कळलेले आहे. शेत आईच्या कुळाचे असते. नवजात बाळाजवळ मक्याचे एक निर्दोष कणीस ठेवतात. ही त्यांची श्रद्धा, आणि हेच त्यांचे शेतीशास्त्र. दोहोंच्या मध्ये रेघ ओढायला गेलेल्या बाहेरच्या माणसाला ती कोठे ओढावी हे सापडत नाही.

त्यांचे शेजारी नवाहो. ते स्वतःला 'दिने' म्हणवतात. चार दिशांच्या चार पर्वतांमधली जमीन हेच आपले घर, अशी त्यांची धारणा आहे. १८६३-६४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची उभी पिके जाळली, पीचच्या बागा तोडल्या, आणि आठ हजारांहून अधिक माणसांना सुमारे ५०० किलोमीटर पायी चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्व भागातील एका छावणीत नेऊन कोंडले. तेथील नदीचे पाणी खारट होते, मक्याला कीड लागली, माणसे शेकड्यांनी मेली. चार वर्षांनंतर, १ जून १८६८ रोजी तह झाला आणि बार्बोन्सितो या त्यांच्या नेत्याच्या आग्रहामुळे ते आपल्या पर्वतांमध्ये परतले. पराभूत समाजाला स्वतःच्या भूमीवर परत जाऊ दिले, असे अमेरिकेच्या इतिहासात क्वचितच घडले आहे.

पण त्या तहात एक कलम होते. सहा ते सोळा वयाची मुले-मुली शाळेत पाठवण्याचे बंधन नवाहोंवर होते, आणि दर तीस मुलांमागे एक शिक्षक देण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. (आपल्या शिक्षण हक्क कायद्यातही प्राथमिक वर्गांसाठी हेच प्रमाण आहे.) केवळ कलम वाचले तर कोणत्याही आंबेडकरी शिक्षकाला ते पुरोगामी वाटेल. मलाही प्रथम वाचताना ते तसेच वाटले. शाळा कशासाठी होती, हे मात्र पुढच्या पन्नास वर्षांत उघड झाले. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे एका लष्करी अधिकाऱ्याने काढलेली शाळा सर्वत्र नमुना म्हणून स्वीकारली गेली. मुलातला 'इंडियन' संपवावा म्हणजे माणूस वाचेल, हे त्या अधिकाऱ्याचे जाहीर धोरण होते. मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. तोंड साबणाने धुतल्याच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत.

होपींनी विरोध केला. मुले शाळेत पाठवणार नाही आणि कुळाच्या शेतांचे तुकडे पाडून ती माणशी वाटू देणार नाही, अशा दोन गोष्टींवर ते अडून बसले. १८९४ च्या अखेरीस ओराइबीच्या एकोणीस पुरुषांना अटक झाली आणि जानेवारी १८९५ पासून काही महिने त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगात ठेवले गेले. वाळवंटातल्या शेतकऱ्याला चहूबाजूंनी पाणी असलेल्या खडकावर बंदिस्त करण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या क्रौर्याला दाद द्यावी लागेल.

येथे आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील, तो मी टाळणार नाही. शाळेला विरोध करणाऱ्यांचे कौतुक आपण का करावे? आपल्या पूर्वजांना शाळेच्या ओसरीवर, वर्गाबाहेर बसवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढले, ते दार उघडावे म्हणून. जमिनीचेही तसेच. होपीला शेत म्हणजे आई. आपल्या आज्याला वतनाची जमीन म्हणजे गावकीच्या गुलामगिरीचा मोबदला होती. ते जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. गाव सोडून शहरात जा, असे सांगणाऱ्या परंपरेतले आपण. गावाच्या मातीविषयी गहिवरून लिहिणारे लेख वाचले की माझ्या मनात आजही शंका येते, की हा लेखक गावाच्या कोणत्या बाजूला राहत होता.

धर्मांतराचेही तसेच. स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्या वाळवंटातील पुएब्लो समाजांवर धर्म लादला, तेव्हा १६८० च्या ऑगस्टमध्ये पोपे नावाच्या नेत्याने गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवून उठावाचा दिवस कळवला आणि स्पॅनिश सत्ता बारा वर्षे हद्दपार केली. आपण मात्र धर्म बदलला तो मुक्तीसाठी. येवल्याची घोषणा १९३५ ची, नागपूरची दीक्षा १९५६ ची. मधली एकवीस वर्षे वाचन, वाद आणि विचार यांत गेली. आमच्या पिढीची नावे पहा. दगडू-धोंडूच्या घरात मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता, प्रज्ञा आल्या. कार्लाइललाही नावे बदलली जात, पण ती आईबापांनी ठेवलेली नसत. तेथे गोरा अधिकारी ठरवत होता. येथे आपण ठरवले. सगळा फरक या एका क्रियापदाच्या कर्त्यात आहे.

या दृष्टीने ताओस गावाची कथा मला फार मोलाची वाटते. न्यू मेक्सिकोतील हे मातीच्या विटांचे प्राचीन गाव. वरच्या डोंगरात एक तळे आहे, इंग्रजीत त्याला 'ब्लू लेक' म्हणतात. त्यातून निघणारा ओढा गावातून वाहतो, तेच प्यायचे पाणी, आणि तेच त्यांचे सर्वांत पवित्र स्थान. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या आदेशाने ते डोंगर सरकारी वनात गेले. सरकारने पुढे भरपाईची भाषा केली. ताओसच्या लोकांनी पैसे नाकारले आणि तळेच मागितले. चौसष्ट वर्षे मागितले. अखेर १५ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ४८,००० एकर जमीन परत देणाऱ्या कायद्यावर सही केली.

आता या तळ्यावर बाहेरच्या कोणालाही जाता येत नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा वारस म्हणून मला हे वाचताना अस्वस्थ वाटले. तळे अडवणारे लोक आपल्याला परिचित आहेत. सत्याग्रहानंतर पंचगव्याने पाणी 'शुद्ध' करणारेही आपण विसरलेलो नाही. पण महाडला सबळांनी दुर्बळांना पाण्यापासून रोखले होते, जनावरांना मुभा आणि माणसाला मज्जाव होता. ताओसच्या लोकांनी कोणाची तहान अडवलेली नाही. ज्यांच्या हाती चौसष्ट वर्षे कुऱ्हाड आणि परवाना होता, त्यांच्यापासून त्यांनी एक तळे राखले. 'पवित्र' हा शब्द कानावर आला की आपण सावध होतो, ते योग्यच आहे. तो शब्द कोण, कोणाविरुद्ध वापरतो, हे पाहूनच निवाडा करावा.

ज्यांच्यापाशी असा कायदा आला नाही त्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. होपी-नवाहोंच्या ब्लॅक मेसा डोंगरातून १९७० पासून २००५ पर्यंत कोळशाची भुकटी पाण्यात कालवून ४०० किलोमीटरहून लांब नळाने वीजकेंद्राकडे वाहून नेली जात होती. त्यासाठी जमिनीखालचे हजारो वर्षांपूर्वीचे गोडे पाणी उपसले गेले. नवाहोंच्या भूमीत युरेनियमच्या पाचशेहून अधिक खाणी उघड्या टाकून देण्यात आल्या. १६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉक येथे बांध फुटून खाणीचे किरणोत्सारी पाणी नदीत गेले. त्या नदीवर मेंढ्या पाणी पीत होत्या. शहरांतले दिवे लागले, आणि ज्यांच्या जमिनीतून वीज निघाली त्यांच्यातील कित्येक घरांत तारच पोहोचली नव्हती.

शाळांविषयीचा हिशोब अलीकडे सरकारनेच मांडला. २०२४ च्या अहवालात अशा ४१७ संस्थांची नोंद आहे आणि किमान ९७३ मुलांचा तेथे मृत्यू झाल्याचे मान्य केले आहे. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला अध्यक्ष बायडन यांनी ॲरिझोनातील मूलनिवासी भूमीवर जाऊन माफी मागितली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते १९६६ साल. त्या वर्षी रफ रॉक येथे नवाहो पालकांनी निवडलेल्या मंडळाच्या हाती शाळा आली आणि वर्गात नवाहो भाषा शिकवली जाऊ लागली. दोन वर्षांनी त्यांचे स्वतःचे महाविद्यालय उभे राहिले, तहाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा. त्यांनी शाळा नाकारली नाही, तिचा ताबा घेतला. जिच्यासाठी तोंडात साबण कोंबला गेला, त्याच भाषेत दुसऱ्या महायुद्धात नवाहो तरुणांनी अमेरिकी सैन्याचे गुप्त संदेश पाठवले होते. आणि परत आल्यावर ॲरिझोना व न्यू मेक्सिकोत त्यांना मताचा अधिकार मिळायला १९४८ उजाडावे लागले.

आता आपल्या अंगणात येतो. गेल्या पालक सभेत काही पालकांनी आणि दोन-तीन माजी विद्यार्थ्यांनी अशी मागणी केली की वसतिगृहात मुलांनी घरची बोली बोलू नये; इंग्रजी बोलावी, निदान प्रमाण मराठी. मागणीमागची तळमळ मी ओळखतो. मुलाखतीत उच्चारावरून हसले गेलेले हेच विद्यार्थी आहेत. इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे, तिच्यासाठी जादा तासिका घ्यायला मी स्वतः तयार आहे. परंतु मेळघाटातून आलेले मूल रात्री आपल्या भावाशी कोरकूत बोलले तर त्याला दंड करावा, या ठरावावर माझी सही होणार नाही, हे मी येथे लिहून ठेवतो. वऱ्हाडीलाही हाच न्याय. आपली संस्था लोकवर्गणीतून उभी राहिली. तिचा ताबा पहिल्या दिवसापासून आपल्याकडे आहे. कार्लाइलचा नियम आपण आपल्या हाताने आणण्याचे कारण मला दिसत नाही.

संचालक मंडळाकडे मी एक साधा प्रस्ताव दिला आहे. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी, आणि सुटीहून परतलेल्या प्रत्येक मुलाने तीत आपल्या गावाचे ओढे, झरे, गवते, बियाणे यांची घरी वापरली जाणारी नावे लिहावीत. कोण काय पेरतो आणि किती खोल, हेही. वही मी आणून ठेवली आहे. आठवीच्या मुलींनी तिची सात पाने भरली आहेत. त्यांत एकाच ओढ्याला तीन वळणांवर तीन नावे आहेत, आणि तिसऱ्या नावाचा अर्थ कोणालाच सांगता आलेला नाही. मेळघाटात नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तो गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कळवला, तर वहीत पुढची ओळ लिहिता येईल.